शेहेचाळिसाव्या वर्षी समुद्रात आडवं पडायला शिकले

121 किलोमीटर किनारा असलेल्या सिंधुदुर्गात जन्मले, वाढले, लग्न होऊन राहिलेही जिल्ह्यातच, आणि तरी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही, पण आमच्याकडे विचारून बघा, माझ्यासारख्या बायका घरटी एक सापडतील. समुद्र म्हणजे मासळी येते ती जागा, पाहुणे आले की संध्याकाळी दाखवायला न्यायची जागा, आणि आईचं ठरलेलं वाक्य, "पाण्याचो भरवसो नाय." मामाकडे विहिरीत पोहायला शिकवायचे, पाठीला डबा बांधून ढकलून द्यायचे, पण ते मुलग्यांना. आम्ही काठावर कपडे सांभाळायला.

तर हे सगळं सुरू झालं खांद्यावरून. गेल्या वर्षी पावसाळ्यात उजवा खांदा धरला. आधी वाटलं झोपेत अवघडला असेल, मग ब्लाऊजचा हूक लागेना, मग अंबाडा घालता येईना, मग एसटीत वरची दांडी धरायची म्हटली तरी डोळ्यात पाणी. डॉक्टर म्हणाले फ्रोजन शोल्डर, चाळिशी ते साठीच्या मधल्या बायकांना जास्त होतो, साखर असेल तर आणखीच (मला आहे), आणि पूर्ण मोकळा व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. तीन वर्षं! फिजिओवाल्या मॅडमनी भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम दिला, दोरी-पुलीचा दिला, आणि मग सहज म्हणाल्या की पाण्यात करता आलं तर फार बरं, गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचं जवळजवळ नव्वद टक्के वजन पाणीच उचलतं, हात आपसूक वर तरंगतो. मी म्हटलं मला पोहता येत नाही. त्या म्हणाल्या पोहायला कोण सांगतंय, नुसत्या उभ्या राहा.

नुसतं उभं राहायचं तरी कुठे हा प्रश्न होता. तारकर्ली-देवबाग नको म्हटलं, तिथे बनाना राईड, जेट स्की, पॅराशूट, आणि शेकडो लोकांच्या मध्ये आपण गळाभर पाण्यात हात वर करून उभ्या, म्हणजे लोकांना वाटायचं बुडतेय. नवऱ्याच्या ओळखीचं एक घर किल्ले निवतीला होतं, मासेमारीवालं, हल्ली दोन खोल्या पर्यटकांना देतात. कुडाळहून पिंगुळी, पाट, म्हापण करत तीसेक किलोमीटर. मी निवतीला आधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळेला पाहुण्यांना किल्ला दाखवायला. किल्ल्यावरून एका अंगाला भोगव्याची लांबलचक वाळू दिसते, समोर लांबवर वेंगुर्ला रॉक्सचे खडक, आणि खाली टेकडीच्या कुशीत ही एवढीशी खाडीसारखी आत वळलेली जागा, होड्या ओढून ठेवलेल्या, माडाच्या खाली जाळी वाळत टाकलेली. फोटो सगळे भोगव्याकडे तोंड करून काढतात. खाली कोण बघत नाही, मीही बघितलं नव्हतं.

त्या घरातले आबा सत्तरीच्या पुढचे, आता बोटीवर जात नाहीत पण सगळं लक्ष पाण्यावरच. नवऱ्याने फोनवर काय सांगितलं माहीत नाही, मी पहिल्या रविवारी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी सातला पोचले तेव्हा आबांनी मला नखशिखांत बघितलं. मी पंजाबी ड्रेस घालून गेले होते, ओढणी पिशवीत. म्हणाले, "आज पाण्यात जावचा नाय. हयसर बस. नुसता बग."

मला राग आला, एवढ्या लांबून स्कूटरवर आलेय. पण बसले. तासभर आम्ही होडीच्या सावलीला बसून पाणी बघितलं आणि ते मधूनमधून विचारायचे, लाट कुठे फुटते, कुठे फुटत नाही. मी दाखवलं, ते बघा तिकडे खडकाजवळ फुटतच नाहीये, किती शांत आहे, तिथेच जाते मी. आबा हसले. "थयच गेलस तर गेलस. लाट खय फुटत नाय ता बग, थयसून पाणी भायर जाता."

हे मला शेहेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. लाटांनी आत आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच ना, ते जिथून जातं तिथे वाटच पडलेली असते, तिथे लाट कमी फुटते, पाणी जरा गढूळ किंवा गडद दिसतं आणि वरून ते एकदम सुरक्षित वाटतं. बाहेरगावचे लोक बरोब्बर तिथे उतरतात. आणि सापडलोच तर काय, तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून बुडतो माणूस, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकत जायचं, ती ओढ अरुंद असते, संपते. पेपरात दर सुट्टीला बातम्या वाचतो आपण, "पाण्याचा अंदाज न आल्याने". अंदाज म्हणजे काय ते बातमीत कधी नसतं.

दुसऱ्या रविवारी भरती-ओहोटीचा वर्ग झाला. मी मोबाईलवर टाईड टेबल काढून गेले होते ऐटीत. आबा म्हणाले तिथी सांग. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थी तर चार पाऊण तीन, तीन वाजता, अष्टमी तर सहा वाजता. पण हे मुंबईकडचं गणित, आमच्याकडे त्याच्या पाऊण-एक तास आधी धरायचं. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, भांगाला पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढही कमी. माझ्या मोबाईलवरची वेळ आणि आबांची वेळ यात दहा मिनिटांचा फरक निघाला आणि कोण बरोबर ते मी विचारलं नाही. यातून माझ्या कामाचं एवढं निघालं की दशमी-एकादशीच्या जवळपास रविवार आला की तो माझा, सकाळी सातला पाणी भरलेलं आणि तरी मवाळ. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर संकष्टी-एकादशीच्या जोडीला माझ्या लाल खुणा आहेत, सासूबाईंना वाटलं मी कसलं तरी व्रत धरलंय. एका अर्थी धरलंच होतं म्हणा.

पाण्यात पहिल्यांदा गेले ती गंमत सांगते. पंजाबी ड्रेस. सलवारीत पाणी शिरलं आणि दोन्ही पायांना एकेक घागर बांधल्यासारखं झालं, कुर्ता वर तरंगून तोंडावर. काकी (आबांची बायको) काठावरून हसून हसून खाली बसली. कपड्यांचा विषय बायकांना मोठा असतो, लिहिताना लोक गाळतात म्हणून मुद्दाम लिहितेय. गाऊनवर उतरणाऱ्या बायका बघितल्यात मी, ते तर सगळ्यात वाईट, पायात गुंडाळतो. पुढच्या आठवड्यात ऑनलाईन लांब बाह्यांचा नायलॉनचा स्विमिंगचा टॉप आणि गुडघ्याखाली जाणारी घट्ट लेगिंग मागवली, अंगात घातल्यावर आरशात बघून पुन्हा वरून जुना शर्ट चढवला. तो शर्ट जानेवारीत सुटला. कोण बघतंय, सकाळी सातला तिथे असतं कोण, दोन कुत्री आणि जाळं निवडणारी माणसं, त्यांना माझ्यापेक्षा जाळ्यात जास्त रस.

पहिले तीन-चार आठवडे मी छातीभर, मग गळाभर पाण्यात नुसती उभी राहायचे आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे हात सैल सोडायचे. आणि तो खरंच वर आला हो. घरी जो हात खांद्याच्या रेषेपर्यंत उचलताना दात आवळायला लागायचे तो पाण्यात कोणी खालून अलगद धरल्यासारखा वर, नुसता तरंगत. मी रडले तेव्हा थोडी, समुद्रात एक सोय असते, तोंड आधीच खारट असतं.

नुसतं उभं राहून भागलं असतं. पण समोर आबांची नात, वय वर्षं सात, माशासारखी उलटीसुलटी होत असते आणि आपण खांबासारख्या. एक दिवस म्हटलं, आबा, तरंगायला शिकवा.

आता तरंगणं. पोहण्याच्या व्हिडिओत ते दोन मिनिटांत करून दाखवतात. मला सहा आठवडे लागले. आधी नाक-तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, हे मी घरी बादलीत पण केलं, नवरा दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. मग पालथं पडून, गुडघे पोटाशी घेऊन, श्वास धरून गोळा व्हायचं, की पाठ आपोआप वर येते. हे मला जमलं कारण त्यात दिसत काही नाही. उताणं पडणं मात्र जमेचना. कान पाण्यात गेले की आतून कोणी तरी घंटा वाजवल्यासारखं व्हायचं, मी मान वर उचलायचे, मान वर गेली की कंबर खाली, कंबर खाली की पाय खाली, की नाकात पाणी. दर वेळी हेच. आबा कंबरभर पाण्यात उभे राहून एक बोट, फक्त एक बोट, माझ्या पाठीच्या मणक्याखाली धरायचे. "गो बाय, झगडतस कित्या पाण्याबरोबर? आंग सोड. त्येका धरूक नको."

अंग सोड म्हणणं सोपं. मला तर तेव्हा कळलं की मला अंग सोडता येतच नाही, कुठेच. झोपेत पण माझ्या मुठी वळलेल्या असतात असं नवरा म्हणतो. ऑफिसात मार्च एंडिंग, घरी सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची पुण्यातली रूम, गॅस बुक केला का, या सगळ्यात अंग धरूनच जगायची सवय, आणि इथे एक म्हातारा सांगतोय सोड.

जमलं ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि कसं ते सांगता येणार नाही नीट. हनुवटी आभाळाकडे, कान पाण्यात, छातीत श्वास भरलेला, हात बाजूला पसरलेले (उजवा जेवढा जातो तेवढा), आणि त्या दिवशी मला आबांचं बोट लागत होतं असं मला वाटत होतं. थोड्या वेळाने डोळे फिरवून बघितलं तर आबा चार हात लांब उभे राहून विडी पेटवायच्या नादात. घाबरून लगेच बुडाले ते सोडा. पण झालं होतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं, विहिरीपेक्षा इथे तरंगणं सोपं, हे मी आठवीच्या पुस्तकात वाचून मार्कही मिळवले होते. पाठीला कळायला इतकी वर्षं लागली.

आणि कान पाण्याखाली गेल्यावर आवाज काय येतात! खाली वाळू सरकल्यासारखी चुरचुर, लांबच्या होडीच्या इंजिनाचं टकटक जे वर ऐकू पण येत नाही, आणि स्वतःचा श्वास. वर नुसतं आभाळ. कधी एखादा समुद्री गरुड टेकडीवरून निघून पंख न हलवता आडवा जातो, कधी 2021 मध्ये सुरू झालेल्या चिपीच्या विमानतळाचं विमान, ते आपलं असतं तेव्हा असतं. लवकर गेलं, थंडीत अजून उजाडलेलं नसलं, तर वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाचा दिवा लुकलुकताना दिसतो. मी आकडे मोजत बसायचे, दोन दिव्यांच्या मध्ये किती, आणि कधीतरी मोजायची विसरायचे.

आता फजिती. तरंगता यायला लागल्यावर माणसाला शिंगं फुटतात. मी पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली, म्हटलं पोहून झालं की त्यात पडून राहायचं, थर्मासातला चहा काठावर, आपण राणीसारख्या पाण्यावर. जानेवारीतला रविवार, पाणी तेलासारखं सपाट, एक लाट नाही. पडले ट्यूबमध्ये, डोळे मिटले. डुलकी लागली असेल पाच-दहा मिनिटं. डोळे उघडले तर काठावरच्या होड्या काडेपेटीएवढ्या.

मतलई वारा. शाळेत भूगोलात होतं, दिवसा खारे वारे, रात्रीपासून सकाळपर्यंत मतलई, जमिनीवरून समुद्राकडे. त्यानेच तर सकाळी पाणी इतकं सपाट असतं, लाटांना मागे दाबून धरतो. आणि पाण्यावर जे काही हलकं तरंगतंय ते गुपचूप बाहेर नेतो. अंगाने तरंगणारा माणूस फारसा जात नाही, बराचसा पाण्याखाली असतो, पण हवा भरलेली ट्यूब म्हणजे शीडच. मी हाताने वल्हवायला लागले. आता उजवा खांदा जेमतेम अर्धा फिरतो, डावा हात जोरात, तर ट्यूब सरळ जाण्याऐवजी गोल गोल फिरायला लागली. मी जेवढी घाबरून जोर लावतेय तेवढी ती भोवऱ्यासारखी. आज हसू येतं, तेव्हा आईचं वाक्य कानात वाजत होतं.

आबांचा पुतण्या पात (छोटी होडी) घेऊन आला. तो हसत नव्हता हे बघून मला कळलं की किती लांब गेले होते. काठावर आल्यावर मी ओरडा खायची तयारी केली, आबा नुसते म्हणाले, "वारो खयसून हा ता बगलंस?" आणि खालची कोरडी वाळू मूठभर उचलून सोडली. ती सरळ समुद्राकडे उडाली. एवढंच. त्यानंतर पाण्यात शिरण्याआधी मी वाळू उडवते, लोक बघतात, बघू देत. ट्यूब फेकून दिली नाही पण तिला नायलॉनची दोरी बांधून टोकाला दगडाचा नांगर लावून दिला पुतण्याने, कंबरभर पाण्यात टाकायचा. आणि लाईफ जॅकेट घेतलं स्वतःचं, बाराशे रुपयांचं, कारण भाड्याने मिळणाऱ्या बहुतेकांना कुबट वास येतो आणि बकल तुटलेलं असतं. नांगरलेल्या ट्यूबमध्ये जॅकेट घालून पडणारी बाई दिसायला विनोदी दिसते हे मान्य आहे, पण आठवड्याचा माझा सगळ्यात चांगला अर्धा तास तो.

बाकी लहानसहान गोष्टी झाल्या. एकदा पोटरीला जेलीफिश लागली, चाबूक मारल्यासारखी रेघ उठली. चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवून मग सोसेल एवढ्या गरम पाण्याचा शेक. काकीने चुलीवरचं पाणी दिलं. आणि उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत फरफटवत जायचे, वागळी (चपटा मासा) वाळूत दडून बसलेली असते, तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते, पायाची चाहूल लागली तर बिचारी स्वतःच निघून जाते.

एका रविवारी गेले तर पाण्यात जायलाच मिळालं नाही, रापण लावलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोल टाकत यायचं आणि दोन्ही टोकं काठावरून माणसांनी ओढायची, दोन रांगा, तीस-चाळीस जणं, तास-दीड तास. माझं तोंड उतरलं होतं, एवढी एकादशी गाठून आले आणि हे. मग माझीच मला लाज वाटली. त्या पाण्यात मी अंग सोडायला जाते आणि हे लोक त्यातून रोजचं जेवण ओढतात, आणि आधी कोणाचं हे विचारायची पण गरज नाही. काकी म्हणाली, "बगतस काय, धर दोरी." धरली, डाव्या हाताने जोर, उजवा नुसता सोबतीला. टाचा वाळूत रुतवून मागे रेलायचं, हाताने ओढायचं नसतं, अंगाच्या वजनाने ओढायचं, हेही कळलं. जाळं जवळ यायला लागलं तसा वर पक्ष्यांचा कालवा. माल फार नव्हता, पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन मुडदुशे. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा, ही रापणीची रीत, तशी मलाही पिशवीभर पेडवे मिळाले. आमच्या कुडाळच्या घरी मी पहिल्यांदा विकत न घेतलेले मासे आणले. नवऱ्याने दोनदा विचारलं खरंच ओढलीस का.

रापण आता कमी होत चाललीय, मोठ्या यांत्रिक बोटींनी मासळी आधीच उचललेली असते, याच्यावर आबा सुरू झाले की थांबत नाहीत आणि थांबू पण नये. मला वाईट याचं वाटतं की शांत किनारा, शांत किनारा म्हणून लोक येतात आणि शनिवारी रात्रीच्या बाटल्या रविवारी सकाळी माझ्या पायाखाली येतात. आमचा जिल्हा 1997 ला पर्यटन जिल्हा झाला, त्याने चार पैसे आले हे खरंय, काकीच्या दोन खोल्या त्याच्यावरच चालतात, मी कोण बोलणार. पण एकदा कुणीतरी जेट स्की आणली होती त्या एवढ्याशा पाण्यात, जाळ्याची दोरी तुटली, भांडण झालं, परत आली नाही. मला आतून बरं वाटलं, सांगून टाकते.

पाण्यातून बाहेर आल्यावरची पेज हा खरं तर वेगळा लिहायचा विषय आहे. अंग खारट, केस राठ, बोटांच्या टोकांना सुरकुत्या, आणि भूक अशी की घरी कधी लागत नाही. काकी उकड्या तांदळाची पेज, खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून, आणि खोबऱ्याची लाल चटणी असं देते, मागच्या पडवीत, पाटावर बसून. साखर आहे मला, पेज मोजून खायला हवी, पहिल्यांदा मोजली. मी पैसे देते म्हटलं तर काकी रागावली, मग असं ठरलं की मी येताना कुडाळच्या बाजारातून तिला हवं ते आणायचं, भाजी, गोळ्या, एकदा मिक्सरचं भांडं दुरुस्त करून. असा हिशोब चालू आहे.

मार्चमध्ये कायाक पण चालवली एकदा, भोगव्याच्या बाजूला कर्ली खाडीत, कांदळवनाच्या कडेकडेने. छान होतं. पण मला त्यात अंग सोडता येत नाही, वल्ह्याकडे लक्ष, आणि पलीकडे देवबागच्या संगमावरची गर्दी आणि गाणी ऐकू येत होती. खांद्याला मात्र चांगला व्यायाम, मॅडम खूश. तोपर्यंत पोहायला पण येत होतं थोडं, ब्रेस्ट स्ट्रोक म्हणतात तसलं, बेडकासारखं, कारण खांद्यावरून हात फेकणं अजून शक्य नव्हतं. वीस-पंचवीस मीटर, तेही किनाऱ्याला समांतर आणि पाय टेकेल एवढ्याच पाण्यात. कधी एकटी नाही, कोणी ना कोणी काठावर बघतंय याची खात्री करूनच. एवढ्याने पट्टीची पोहणारी झाले असं मी म्हणत नाही, कोणी मला बोटीतून उडी मारायला सांगितलं तर मी पाया पडेन.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस ऑफिसला जायच्या घाईत अंबाडा घातला, पिना लावल्या, बाहेर पडले, आणि बसस्टॉपवर लक्षात आलं की दोन्ही हातांनी घातला. हूक अजून लागत नाही पाठीमागचा, तो बहुतेक दिवाळीपर्यंत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेवटचं गेले. वारा बदलला होता, नैर्ऋत्येकडून, पाणी मातकट, लाटेला उंची आलेली, आणि जिथे मी डिसेंबरमध्ये उताणी पडले होते तिथे फेसच फेस. वॉटर स्पोर्ट्स मे संपता संपता बंदच होतात ऑगस्ट अखेरपर्यंत, आणि 1 जूनपासून मासेमारीबंदी. होड्या वर ओढायचं काम चाललं होतं, माडाच्या झावळ्यांनी शाकारायचं. मी पण हात लावला. पाण्यात घोट्यापर्यंत गेले, वाळू उडवून बघितली, ती माझ्याच तोंडावर आली. आबा म्हणाले आता नारळी पुनवेनंतर बघू, आणि तेव्हाही लगेच नाही, पाणी निवळू दे, दिवाळीच्या आसपास ये.

निघताना म्हटलं, आबा, आमच्या ह्यांना पण यायचंय आता, रोज विचारतात पाणी थंड असतं का, खाली काय लागतं पायाला. त्यांना पण येत नाही पोहायला.

आबा झावळी बांधत होते, वर न बघता म्हणाले, "येंव दे. पयल्या दिवशी नुसतो बसात."

ट्यूब तिथेच ठेवून आले, पडवीच्या आढ्याला टांगून. नातीने त्याच्यावर खडूने माझं नाव घातलंय, चुकीचं.